भरीत वेअरॲज भरीत

अभिमन सर फळ्यावर दोन शहरांच्या पावसाचा आलेख काढत होते आणि नववी 'अ' झोपत होती. नववीला तुकडी एकच होती, पण 'अ' म्हटलं की जरा भारदस्त वाटायचं. शहरं परदेशातली, पाऊस इंचांतला. एरंडोलजवळच्या या गावात त्या पावसावरून कोणाच्या पोटात दुखायचं काहीच कारण नव्हतं.

"लंडनला पाऊस जास्त, वेअरॲज कैरोला कमी," सर म्हणाले. "वेअरॲज म्हणजे 'तर'. दोन गोष्टी समोरासमोर उभ्या करायचा शब्द. कळलं?"

"हो सर," वर्ग झोपेतच म्हणाला.

सर मूळचे पिंपळनेरचे. दर जूनला त्यांना नवी ऑर्डर मिळायची आणि दर एप्रिलला ती संपायची, त्यामुळे उन्हाळ्यात आपला जावई मास्तर असतो की नसतो, हे त्यांच्या सासऱ्यांनाही सांगता येत नसे. यंदा मात्र शनिवारी तपासणीला साहेब यायचे होते. त्यांनी इंग्रजीचा वर्ग पाहून चांगला शेरा मारला, तर सर कायम. नाहीतर पुन्हा पिंपळनेर.

"पाऊस राहू दे," सर खडू ठेवत म्हणाले. "आपण आपल्या गावची आकडेवारी घेऊ. भरताची."

वर्ग जागा झाला. हिवाळ्याचे दिवस होते. दुसऱ्याच दिवशी पाच घरांची भरतं डब्यांतून शाळेत आली. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भाजलेली, हिरव्या मिरचीबरोबर लाकडी बडगीत ठेचलेली. सगळ्यांनी चव घेऊन दहापैकी गुण दिले आणि कोकिळाने तक्त्यावर रंगीत खांब काढले. कोकिळा नुकतीच मॉनिटर झाली होती आणि इंग्रजी बोलताना तिचा आवाज आपोआप दीडपट व्हायचा. खाली तिने टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, 'वच्छलाबाईज भरीत इज टेस्टी, वेअरॲज धुरपदाबाईज भरीत इज मच टेस्टियर.'

सरांनी तक्ता व्हरांड्यात लावला. गावात इंग्रजी वाचणारं आहेच कोण, असा त्यांचा अंदाज. अंदाज बरोबर होता. पण वाचणारं कोणी नसलं तरी वाचून दाखवणारी होती.

धुरपदाबाई रिकामा डबा न्यायला आल्या आणि तक्त्यापाशी थबकल्या. "काय लिखेल शे वं पोरी?"

कोकिळाने आधी इंग्रजीत ऐकवलं, मग मराठीत. "वच्छलाअक्कांचं भरीत चांगलं, तर तुमचं फारच चांगलं."

वच्छलाअक्का म्हणजे मुख्याध्यापक झुलाल नानांच्या बायको आणि धुरपदाबाईंच्या थोरल्या जाऊ. दोघींची घरं भिंतीला भिंत लागून. आजवर जो साहेब शाळेत आला तो अक्कांचंच भरीत खाऊन गेला होता. धुरपदाबाई घरी जाताना तीन ठिकाणी थांबल्या. त्यामुळे बातमी त्यांच्या आधीच घरी पोहोचली.

"आते इंग्रजीमा बी माले नावं ठेवतस का?" अक्कांनी नानांना विचारलं. त्या संध्याकाळी नानांच्या ताटात नुसती खिचडी होती. कालवण मागायची त्यांची छाती झाली नाही.

सकाळी नानांनी सरांना बोलावून घेतलं. "सर, तो वेअरॲज काढून टाका."

"नाना, मग तुलना कशी करायची?"

"करायची कशाला? इतकी वर्षं गाव तुलनेशिवायच चाललं ना? आणि ते 'दॅन' असतं ना, तेसुद्धा काढा."

सरांनी नवा तक्ता केला. पाचही खांब एका उंचीचे. वर्गाला 'ॲज टेस्टी ॲज' शिकवलं आणि बाकीचं विसरायला सांगितलं.

"सर, पण आकडे खोटे झाले," कोकिळा म्हणाली.

"होऊ दे बाई. आकडे कायम आहेत. टेंपररी मी आहे."

शनिवारी साहेब आले. तक्त्यापुढे उभे राहून त्यांनी चष्मा पुसला. "हा आलेख आहे की कुंपण? मुली, तुलना कर पाहू."

कोकिळा उठली. "वच्छलाबाईज भरीत इज ॲज टेस्टी ॲज धुरपदाबाईज. धुरपदाबाईज भरीत इज ॲज टेस्टी ॲज वच्छलाबाईज."

"आणि फरक?"

"नो फरक, सर."

दोघी जावा दारातच उभ्या होत्या. साहेबांसाठी दोघींनीही भरीत आणलं होतं. आपापलं नाव ऐकून दोघी आत आल्या.

"काय म्हननी ती?" अक्कांनी विचारलं.

"दोघींचं भरीत सारखंच आहे, असं," नाना समाधानाने म्हणाले.



"सारखं?" अक्का म्हणाल्या. "मनं आन तिनं?"

"कमी म्हनतात तं चालतं," धुरपदाबाई म्हणाल्या. "सारखं कसाले म्हनतस?"

"हाई बाकी खरं बोलनी," अक्का म्हणाल्या. आठवड्यात पहिल्यांदाच दोघींचं एकमत झालं होतं. दोन्ही ताटं साहेबांपुढे आली. "साहेब, खावा आन सांगा."

नोकरीत कधी कोणताही निर्णय न दिल्यामुळेच साहेब एवढे वर चढले होते. त्यांनी एक घास डावीकडचा खाल्ला, एक उजवीकडचा. दोन्ही डोळ्यांतून सारखंच पाणी आलं. त्यांनी रुमाल काढला.

"विषय खोल आहे," ते म्हणाले. "असा एका दिवसात निकाल देणं योग्य नाही. दर हिवाळ्यात नीट चव घेऊन निष्कर्ष काढायला गावात एक जबाबदार माणूस पाहिजे. आज आहे, उद्या नाही, असा नको." त्यांची नजर वर्गभर फिरली आणि अभिमन सरांवर येऊन थांबली. शेरा तिथल्या तिथे लिहून झाला. सर कायम. चहा न घेताच साहेबांची जीप एरंडोलच्या रस्त्याला लागली.

सरांचे डोळे भरून आले. मिरची अजून लागायची होती.

"सर," दोन्ही ताटं त्यांच्याकडे सरकवत धुरपदाबाई म्हणाल्या, "आते सांगा."

सरांनी त्या दिवशी 'अजून थोडं खाऊन बघतो' म्हणून वेळ मारून नेली. त्यामुळे दोघी दुसऱ्या दिवशी आल्या, आणि तिसऱ्याही. महिना संपायच्या आत सर एक हात पोटावर ठेवून नानांच्या टेबलापुढे उभे राहिले. दुसऱ्या हातात बदलीचा अर्ज होता. धुळे, साक्री, कुठंही चालेल.

नानांनी अर्ज वाचला आणि मायेने परत दिला. "सर, आपल्या संस्थेची शाळा एकच. कायम माणसाची बदली करायची तरी कुठे?" मग दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "वर्गावर जाण्याआधी दोन घास खाऊन घ्या. अक्का केव्हाची उभी आहे."