ढब्बूची हकालपट्टी

“हा मासा इथून गेलाच पाहिजे,” मत्स्यप्रेमी क्लबाचे सेक्रेटरी म्हणाले, आणि पोलिसांनी आरोपी ओळखायला बोलावल्यासारखं त्यांनी दातांच्या दवाखान्यातल्या टाकीकडे बोट दाखवलं.

आरोपी काचेला तोंड लावून त्यांच्याकडेच बघत होता. रंगानं गाजर, अंगानं गोल गरगरीत, आणि तोंड सताड उघडं. या जातीला पॅरट फिश म्हणतात. माशांच्या दुकानात तो सगळ्यांत आधी विकला जातो आणि जाणकारांच्या गप्पांत सगळ्यांत जास्त शिव्या खातो. दवाखान्यात त्याला ढब्बू म्हणत.

“पण त्याच्यात वाईट काय आहे?” डॉक्टरांनी भीत भीत विचारलं. ते क्लबात नुकतेच दाखल झाले होते, त्यामुळे सेक्रेटरींनी मान हलवल्याशिवाय त्यांना स्वतःचं मत सापडत नसे.

“चांगलं काय आहे ते सांगा! अहो, हा प्राणी निसर्गात नाहीच. दोन जातींची भेसळ करून माणसानं बनवलेला. पाठीला बाक, पोहणं धड नाही, आणि तोंड तर जन्मभर मिटत नाही. नीट खायचीसुद्धा पंचाईत! क्लबातले लोक काय म्हणतात ठाऊक आहे? म्हणतात, डॉक्टरांकडे भोपळा पोहतो.”

डॉक्टरांचे कान लाल झाले. टेबलामागे मावशींच्या हातातलं पेन थांबलं.

मावशी म्हणजे त्या दवाखान्याचा कणा. नंबर देणं, हत्यारं उकळणं, रडणाऱ्यांना गप्प करणं आणि डॉक्टरांना जेवायची आठवण करणं, सगळं त्यांच्याकडे. सात वर्षांपूर्वी दवाखाना उघडला तेव्हा ढब्बूला त्यांनीच निवडून आणलं होतं. दुकानात तो कोपऱ्यात डोकं खुपसून बसला होता, तेवढ्यावरच त्यांचा जीव जडला. सकाळी त्यांनी कुलूप काढलं की ढब्बू टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत सुटायचा. घरी मुलगा होता, सून होती, नात होती. पण मावशी दारातून आत आल्या म्हणून एवढा आनंद करणारं दुसरं कुणी नव्हतं.

“साहेब, एक विचारू का?” मावशी म्हणाल्या. “निसर्गात नाही म्हणून हाकलायचं, तर कवळी काय झाडाला लागते? कालच डॉक्टरांनी एका आजोबांना वरचे सगळे दात बसवून दिले. त्यांना फोन करून सांगू का, काढा ते आणि बोळकं घेऊन फिरा, तेच नैसर्गिक?”

“मावशी, इथे माशांचं चाललंय,” डॉक्टर पुटपुटले.

“मी पण माशाचंच बोलतेय.”

पण सेक्रेटरींच्या खिशात फॉर्म होता. क्लबाची स्पर्धा होती, कचेऱ्या आणि दवाखान्यांतल्या टाक्यांची. शनिवारी सेक्रेटरी जातीनं येऊन टाकी सजवणार होते: शेवाळाचा गालिचा, नाजूक झाडं, दगड, आणि टाचणीएवढे वीस मासे. सोमवारी दुपारी बारा वाजता परीक्षण. ढब्बूला सोमवारी संध्याकाळी दुकानदार परत नेणार होता.

“परत? सात वर्षांनी?” मावशी उठून उभ्या राहिल्या. “अहो, चप्पलसुद्धा आठ दिवसांनंतर कुणी परत घेत नाही! तो कुठंही जाणार नाही. सांगून ठेवते.”

“मावशी, ठरलंय आता,” डॉक्टर टाकीकडे न बघता म्हणाले.

“ठरलंय ना? मग माझंही ठरलं.”

आणि मावशींनी अबोला धरला.

आता हा अबोला दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात धरला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. इथे मात्र पेशंटच्या नंबरांची वही मावशींच्या अक्षरात होती, आणि ते अक्षर जगात फक्त मावशींना लागत होतं. रोज संध्याकाळी डॉक्टर विचारायचे, “उद्या काय आहे?” आणि मावशी वाचून दाखवायच्या. शुक्रवारी डॉक्टरांनी विचारलं, तर त्यांनी वहीच पुढ्यात ठेवली. डॉक्टरांनी ती सरळ बघितली, उलटी बघितली, “बरं, बरं,” म्हणाले आणि मिटून परत दिली. शनिवारीही तसंच झालं. सोमवारच्या पानावर लिहिलं होतं की सकाळी साडेदहाला शाळेचा पहिलीचा वर्ग तपासणीला येणार, बारा मुलं, सोबत वर्गाच्या बाई. ही तुकडी नीट पार पडली तर पुढे अख्खी शाळा याच दवाखान्यात यायची होती. डॉक्टर त्यासाठी वर्षभर मुख्याध्यापकांच्या मागे लागले होते.

शनिवारी सेक्रेटरी चिमटे घेऊन आले. मावशींनी नातीचा आंघोळीचा टब घरून आणला, त्यात ढब्बूला ठेवलं, हवेची नळी सोडली आणि टब एक्स-रेच्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं. डोळ्यांत पाणी होतं, पण ते सेक्रेटरींना दिसू द्यायचं नाही एवढा निग्रह त्यांनी पाळला. बाहेर सेक्रेटरी दोन दिवस शेवाळ विंचरत होते.

सोमवारी साडेदहाला दार उघडलं आणि दोघादोघांच्या रांगेत बारा मुलं आत आली. डॉक्टरांनी आधी मुलांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग मावशींकडे. मावशींनी वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे... हे आज होतं?”

मावशींनी मान डोलावली.

“घाबरायचं काही नाही,” सेक्रेटरी चिमटा न सोडता म्हणाले. “दीड तास आहे. मुलांना म्हणावं टाकीपासून लांब राहा.”

पण मुलं आधीच टाकीला चिकटली होती. ही टाकी बाहेरची बसायची खोली आणि आतली खुर्चीची खोली यांच्या मधल्या भिंतीत बसवलेली होती, दोन्हीकडून दिसेल अशी. मुलांनी इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

“बघा किती छान हिरवंगार!” वर्गाच्या बाई म्हणाल्या.

“मासे कुठायत?” एका मुलीनं विचारलं.

“ते काय, त्या पानामागे.”

“ते मासे नाहीत, ठिपके आहेत.” आणि मग जाड चष्म्याचा एक मुलगा पुढे आला. तो मागच्या महिन्यात दाढ भरून गेला होता. त्यानं मावशींकडे पाहून खड्या आवाजात विचारलं, “ढब्बू कुठाय?”

बाराच्या बारा तोंडं मावशींकडे वळली. चष्मेवाल्यानं सबंध वर्गाला ढब्बूच्या गोष्टी सांगून ठेवल्या होत्या, आणि वर्ग दात दाखवायला नव्हे, ढब्बूला बघायला आला होता. मावशींना भरून आलं. पण अबोला तो अबोला. त्यांनी नुसतं डॉक्टरांकडे बोट दाखवलं.

“ढब्बू... गावाला गेलाय,” डॉक्टर म्हणाले. “चला, पहिला नंबर कोण? आ करा बघू.”

पहिला नंबर खुर्चीत आडवा झाला आणि त्यानं ओठ असे मिटले की मध्ये कागद सरकला नसता. डॉक्टर गोड बोलले. डॉक्टरांनी गाणं म्हटलं. शेवटी बोटानं ओठ जरा वर केला, तर मुलगा कडकडून चावला. दुसरी मुलगी खुर्चीवर चढलीच नाही. तिसऱ्यानं हाताची घडी घातली आणि ओठांच्या फटीतून जाहीर केलं, “ढब्बू नाही, तर आ नाही.” दाराशी उभ्या असलेल्या बाकीच्यांनी ते लगेच उचलून धरलं. “ढब्बू नाही, तर आ नाही! ढब्बू नाही, तर आ नाही!” वर्गाच्या बाई दटावू लागल्या, पण पोरं ऐकतात कुठली!

डॉक्टर घामाघूम झाले. सात वर्षं त्यांची समजूत होती, की मुलं आपल्या प्रेमळ स्वभावामुळे आ करतात. त्यांचं डोकं सतत दुसऱ्यांच्या तोंडात असायचं, त्यामुळे खुर्चीमागे उभं राहून मावशी काय सांगतात ते त्यांनी कधी धड ऐकलंच नव्हतं. मावशी सांगायच्या, “तो बघ समोर ढब्बू. दिवसभर आ करून असतो, एकदा तरी रडला का? तुला पाच मिनिटं जमत नाही?” आणि मूल ढब्बूकडे बघत बघत त्याच्यावर ताण करायचं. आज खुर्चीतून समोर दिसत होतं शेवाळ.

“मावशी,” डॉक्टर जवळ येऊन हळूच म्हणाले, “तो आहे ना अजून?”

चार दिवसांनी मावशींनी तोंड उघडलं. “एक्स-रेच्या खोलीत.”

सगळी वरात एक्स-रेच्या खोलीत घुसली. खोली एवढीशी, चार मुलं आत, आठ दारात, आणि डॉक्टर टबाशेजारी गुडघ्यांवर. पण टबात वरून बघितलं तर दिसते माशाची फक्त पाठ. त्यात ढब्बूचा रंग दोन दिवसांत पार उतरला होता, आणि रुसून तो कोपऱ्यात डोकं खुपसून बसला होता.

“याचं तोंड कुठाय?” चष्मेवाल्याच्या मागचा मुलगा म्हणाला. “तू थापा मारतोस.”

चष्मेवाल्याचा चेहरा रडवेला झाला. बाहेरून वर्गाच्या बाईंचा आवाज आला, “डॉक्टर, नसेल जमत तर आम्ही दुसरीकडे बघतो.”

“मावशी, याला पटकन टाकीत सोडा,” डॉक्टर म्हणाले. “तपासणीपुरता. बाराच्या आत काढून घेऊ.”

मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “तपासणीपुरता? तो काय भाड्यानं आणलाय? चार लोक हसले म्हणून अंधारात ठेवायचं, आणि अडलं की बाहेर काढायचं? ते चालणार नाही. टाकीत गेला तर कायमचा जाईल. नाही तर याला घेऊन मी निघाले. वही ठेवून जाते, वाचा तुमची तुम्ही.”

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. साडेअकरा. त्यांनी ढब्बूच्या फिक्या पाठीकडे पाहिलं, मग स्वतःच्या चावलेल्या बोटाकडे.

“सोडा,” ते म्हणाले.

सेक्रेटरी टाकीपुढे दोन्ही हात पसरून उभे होते. “माझ्या मढ्यावरून न्यावा लागेल! अहो, माझे मासे खाईल तो!”

“खाईल कसा?” जाळीत ढब्बू घेऊन मावशी म्हणाल्या. “त्याचं तोंड मिटत नाही, त्याची खायची पंचाईत आहे. तुम्हीच म्हणालात. सरका.”

सेक्रेटरींनी हात खाली घेईपर्यंत ढब्बू पाण्यात होता. त्यानं एक फेरी मारली, घर ओळखलं, आणि घरात कुणीतरी शेती केली आहे हेही ओळखलं. मग तो कामाला लागला. आधी कोपऱ्यातलं झुडूप उपटलं. मग गालिच्याचं टोक धरून ओढलं. मग तळची खडी तोंडात भरून घेतली आणि टाकीच्या मधोमध थुंकली. टाचणीएवढे वीसच्या वीस मासे फिल्टरमागे दाटीवाटीनं उभे राहिले. पाणी गढूळ झालं आणि ढब्बूचा रंग हळूहळू परत चढू लागला. मुलांनी टाळ्या पिटल्या. चष्मेवाला प्रत्येकाला कोपर मारून सांगत होता, “बघ! म्हटलं नव्हतं? म्हटलं नव्हतं?”

त्यानंतर तपासणी भराभर सुरू झाली. मुलं खुर्चीत पडत, समोर ढब्बूकडे बघत, आणि आपापले जबडे होतील तेवढे उघडत. एकीचं तपासून झालं तरी ती तोंड मिटायला तयार नव्हती.

आठवा नंबर खुर्चीत असताना दारात परीक्षकबाई उभ्या राहिल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, हातात फाइल. बसायच्या खोलीत सेक्रेटरी मूठभर उपटलेलं शेवाळ मांडीवर घेऊन बसले होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं आणि पेन काढलं.

“नैसर्गिकता,” त्या मोठ्यानं म्हणाल्या. “शून्य.”

ढब्बूनं शेवटचं रोप सोडून दिलं. ते तरंगत वर आलं.

“वनस्पतींची निगा. शून्य. पाण्याची स्वच्छता. शून्य. माशांची निवड...” त्यांनी चष्मा वर केला. “शून्याच्या खाली काही देता येतं का?”

“नियमात नाही,” सेक्रेटरी खोल गेलेल्या आवाजात म्हणाले.

“मग शून्य.”

“द्या ना!” मावशी टेबलामागून कडाडल्या. “मनसोक्त द्या. कागद कमी पडला तर आमच्याकडे भरपूर आहे. पण तो इथेच राहणार!”

आतून डॉक्टर हातमोजे घातलेले हात वर धरून बाहेर आले. मावशींनी मनातल्या मनात हिशेब मांडला. क्लबाचे सेक्रेटरी समोर, परीक्षक समोर. हा माणूस आता कच खाणार.

“इथेच राहणार,” डॉक्टर म्हणाले. “आणि बाई, जरा बाजूला व्हा. नववा नंबर आत येऊ दे.”

मावशींनी उगाचच टेबल पुसलं.

सेक्रेटरींनी आपले वीस मासे तीन-तीनदा मोजून पिशवीत भरले आणि कुणाशी न बोलता ते निघून गेले. परीक्षकबाई मात्र गेल्या नाहीत. बारावं मूल होईपर्यंत त्या बाकड्यावर ताठ बसून काचेतून पलीकडची खुर्ची बघत राहिल्या. वर्गाच्या बाईंनी “पुढच्या आठवड्यात दुसरीचा वर्ग पाठवते” म्हणून सांगितलं, मुलं ढब्बूला टाटा करून गेली, आणि खोली रिकामी झाली. तेव्हा त्या उठून मावशींच्या टेबलाशी आल्या.

“माझी एक दाढ दुखते,” त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या.

“कधीपासून?”

“दोन वर्षं.”

“दोन वर्षं! अहो, मग दाखवली का नाही?”

“खुर्चीत बसले की जबडा आवळून येतो. चार दवाखाने झाले. तोंडच उघडवत नाही.” त्यांनी मागे वळून टाकीकडे पाहिलं. “तो... त्या वेळी तिथे असेल ना?”

“त्याला जायचंय कुठे?” मावशींनी वही उघडली. मग पेन टेकवायच्या आधी त्यांनी मान वर केली. “पण ते शून्याचं काय?”

“ते तसंच राहील,” परीक्षकबाई ताठ होत म्हणाल्या. “मासा कुरूप आहे. माझं मत बदललेलं नाही.”

मावशींना ही बाई एकदम आवडली.

“बदलू नका,” त्या नाव लिहिता लिहिता म्हणाल्या. “पण जरा अकराच्या पुढे या. तेव्हा त्याचं खाणं झालेलं असतं. मग कुणी काही म्हटलं तरी तो मनावर घेत नाही.”