सुकाणूला हात न लावणारे नाना

नाना रिकाम्या खुर्च्यांसमोर उभे राहून सभा तहकूब करायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातला ट्रे कलंडला.

मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजात चहापाणी बघते. त्या दिवशी नियामक मंडळाची, म्हणजे कॉलेजच्या कारभाऱ्यांची सभा होती. अकरा वाजले, आले फक्त मंडळाचे अध्यक्ष, नाना. घड्याळ बघून म्हणाले, "गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब. सुमनबाई, ऐकलंत ना?"

मी मान हलवली. वाटलं, यांच्या घरी कुणाला तरी कळवायला हवं.

नियमच तसा आहे, हे मागाहून कळलं. पुरेशी माणसं नसली तर अर्धा तास थांबायचं. म्हणून बाकीचे यायचेच साडेअकराला.

नाना उमेदीत बोटीवर होते. त्यांचं एकच पालुपद, "मालकाने कप्तान निवडावा, जाब विचारावा. सुकाणूला हात लावू नये." मंडळ मालक, प्राचार्य कप्तान. पंख्याचं बटण नानांच्या डोक्यामागेच होतं. मे महिन्यात सगळे घामाने निथळायचे, पण नाना ते दाबायचे नाहीत. "तो प्राचार्यांचा विषय." प्राचार्य येईस्तोवर सगळे सभेच्या कागदांनी वारा घेत बसायचे.

एकदा बापूसाहेब नावाचे सदस्य चहात आलं कमी घाला म्हणून सांगायला माझ्या चहाच्या खोलीत आले. मागोमाग नाना हजर.

"बापूसाहेब, हे मंडळाचं काम नव्हे."

"अहो, घसा माझा जळतो."

"मग प्राचार्यांना लेखी द्या."

मी आल्याचा तुकडा हातात धरून थिजलेली.

गेल्या वर्षी नव्या प्राचार्यांच्या मुलाखती होत्या. दोनच नावं उरली होती, त्यात एक नानांची मुलगी मृदुला. सहा वर्षांपूर्वी तिने इथे शिकवण्यासाठी अर्ज केला, तेव्हा नाना सभेतून उठून गेले होते. नोकरी हुकली. ती कोल्हापूरला गेली आणि घरी येणंच बंद केलं. आता निवड झाली असती तर ती परत रत्नागिरीत आली असती. मला वाटलं, या वेळी बाप बसून राहील.

तिला आत बोलावण्याआधीच नाना उठले. "माझी मुलगी आहे. मी मत देणार नाही."

"बसा हो नाना, कोण विचारतंय?" बापूसाहेब म्हणाले. तोवर नाना माझ्या खोलीत येऊन दार लोटून बसलेसुद्धा.

मृदुलाची निवड एका मताने हुकली. पोटच्या पोरीला एक मत नाही? नाना मात्र आत गेले, सही केली आणि निवडून आलेल्या माणसाच्या अभिनंदनाचा ठराव स्वतः मांडला.

ते परत आले तोवर मृदुला तडक एसटी स्टँडकडे निघून गेली होती.

"सुमनबाई, आत पाणी तुम्हीच नेलंत ना? कशी बोलली?"

परक्या पुरुषाशी मी दोन शब्दांपलीकडे बोलत नाही. पण त्या दिवशी बोलले. निळी साडी होती. आवाज स्वच्छ होता. कुणी मध्येच तोडलं तर थांबायची आणि मग राहिलेलं वाक्य पुरं करायची.

"बारीक झालीय काय गो?"

"नाही. कानाजवळचे केस पिकलेत थोडे."

नानांनी हळूच विचारलं, "कुठल्या कानाजवळचे?"

मी माझ्या डाव्या कानाला हात लावून दाखवलं.