फुकटच्या ऑफिसची तक्रार

तक्रार लिहावी तर हुसेन टायपिस्टनंच, असं बिबवेवाडीत उगाच म्हणत नाहीत. सरकारी कचेरीत एकतीस वर्षं टाइपरायटर बडवलाय मी. माझ्या पत्रानं गल्लीतला खड्डा बुजला, आणि पुन्हा पडल्यावर पुन्हा बुजला.

आता पाळी वरच्या मजल्यावरच्या सुदर्शनची होती. त्याच्या कुंड्यांचं चिखलपाणी रोज माझ्या वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यांवर! संध्याकाळी सहाला सोसायटीची सभा, तिथं माझं सात मुद्द्यांचं पत्र वाचायचं होतं. नेमकं त्याच दिवशी सूनबाईंनी, म्हणजे अलिझानं, माझ्या कॉम्प्युटरवर पत्रं टाइप करायचं नवं सॉफ्टवेअर, फुकटचं ऑफिस, टाकलं.

"अब्बा, जुन्याची वर्गणी संपली. हेही तसंच आहे, आणि कायम फुकट."

"फुकट देणारा वेडा कोण?"

"जगभरचे लोक मिळून बनवतात. हौसेनं."

पाच वाजता जुन्यात टाइप केलेलं पत्र या नव्यात उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. तारीख पानाच्या मधोमध. मुद्दा चार मुद्दा पाचच्या अंगावर. सुदर्शनचं नाव तर थेट 'आपला नम्र'च्या खाली!

"कंपनीचा नंबर दे."

"कंपनीच नाहीये, अब्बा."

"मग मी भांडू कोणाशी?"

संताप आला की समोर माणूस लागतो हो. भिंतीशी काय भांडणार? शेवटी तिनं इंटरनेटवरचं मदतीचं एक पान उघडून दिलं; तिथं उत्तरंही हौशी लोकच देतात म्हणे. त्यावर मी लिहिलं, 'जमत नसेल तर बनवू नये. फाइल जोडली आहे. डोळे असल्यास पाहावी.'

दहा मिनिटांत उत्तर आलं. तेही मराठीत, फाइल दुरुस्त करून.

'काका, दोष सॉफ्टवेअरचा नाही. ओळ सरकवायला तुम्ही स्पेसबार दाबलाय, एके ठिकाणी चाळीसदा. टाइपरायटरची सवय दिसते. आता सगळं नीट आखून दिलंय. मुद्दा तीनमध्ये कुंड्या सात लिहिल्यात, त्या नऊ आहेत. आपला, सुदर्शन, वरचा मजला.'

अलिझा तोंडाला ओढणी लावून हसत होती. मी तिच्याकडे पाहिलंच नाही.

सभेत पत्र वाचलं. माघार आमच्या रक्तात नाही. नऊ कुंड्या म्हणालो, ठणकावून.

अध्यक्ष दीपालीताईंनी कागद हातात घेऊन न्याहाळला. "काका, मांडणी किती सुबक केलीय."

मी तोंड उघडणार, तोच मागच्या खुर्चीतून सुदर्शन म्हणाला, "थँक्यू."