सुखदेव सरांचे दोन शब्द

आमच्या उंद्रीत माणूस मेला की घरचे दोनदा रडतात. एकदा माणूस गेला म्हणून, आणि दुसऱ्यांदा स्मशानात सुखदेव सर बोलायला उभे राहतील म्हणून.

आमच्याकडे अग्नी दिला की लोक लगेच उठत नाहीत. तिथंच बसतात आणि कोणीतरी श्रद्धांजलीचे दोन शब्द बोलतो. मेलेला कसाही असो, त्या दिवशी तो प्रेमळ, धार्मिक आणि मनमिळाऊ असतो. सगळ्या तालुक्यात हेच भाषण चालतं, सुखदेव सरांना तेवढं चालत नाही. हायस्कूलला मराठी शिकवून रिटायर झालेला हा माणूस माझ्या भिंतीला भिंत लागून एकटाच राहतो. जगभरातले साहित्यातले वाद आणि परंपरा त्यांना तोंडपाठ. "सगळेच मनमिळाऊ होते, तं मंग गावात भांडणं कोनं केले बे?" असं ते मला विचारतात.

म्हणून सर दर मयतीला नवा वाद काढतात. नामदेवआप्पा गेले तेव्हा वास्तववाद निघाला. हा फ्रान्स-रशियाकडचा, यात खोटं बोलायचं नसतं, एवढी प्रस्तावना झाली आणि सर म्हणाले, "आप्पानं वीस वर्षं दरसाल धुरा कोरला. पण कोरताना बैलाले कधी मारलं नाही." ज्याच्या शेताचा बांध असा कोरला, तो सख्खा भाऊ समोरच बसलेला. मी तर डोळेच मिटून घेतले.

भीमाबाईच्या वेळी जपानी हायकूची परंपरा आली. खाट रिकामी, पेल्यात कवळी, कोंबडा आरवला. एवढं बोलून सर खाली बसले. लोक पुढचं ऐकायला दहा मिनिटं तसेच थांबले. भीमाबाईचा चिखलीचा जावई हळूच मला विचारतो, सर आमच्यावर नाराज आहेत का?

एकदा ग्रीक शोकनाट्य झालं. चार म्हाताऱ्यांना बाजूला उभं करून दर वाक्याला "हे अटळ होतं" म्हणायला लावलं. अटळ तर होतंच, गेलेला माणूस ब्याण्णव वर्षांचा. पण त्या चौघांतला एक घरी जाऊन जो झोपला, तो दोन दिवस जेवला नाही.

आणि परवा कहर झाला. सरपंचाची आई गेली आणि सरांनी अतिवास्तववाद काढला. "काकूच्या डोळ्यातून हरभरा उगवला, हरभऱ्यातून धाड गावची एसटी निघाली, आन् कंडक्टर मासा होता." सरपंच रडायचाच थांबला. त्याचं उघडं तोंड मिटवायला शेवटी त्याच्या साल्यानं पाणी पाजलं.

दुसऱ्याच दिवशी पारावर ठरलं, सरांना यापुढं बोलू द्यायचं नाही. सांगायचं कोणी? शेजारी म्हणून मी. माझं खता-औषधाचं दुकान बंद करून मी निघालो. स्मशान सोडलं तर या माणसाचं गावात कोणी ऐकत नाही, हे मला माहीत होतं. तेवढं एकच काढून घ्यायला मी चाललो होतो. स्वतःचीच लाज वाटली.

सर चहा ठेवायला आत गेले. टेबलावर एक जाड वही होती. सहज उघडली. दर पानावर गावातलं एक नाव आणि खाली श्रद्धांजली. माणसं सगळी धडधडीत जिवंत. पानं उलटत गेलो तर माझंच नाव आलं. प्रकाश, कृषी केंद्र. वादाचं नाव काही नव्हतं. खाली लिहिलं होतं: "फवारणीचं औषध मागणाऱ्याच्या तोंडाकडे आधी पाहतो. चेहरा उतरलेला दिसला तर माल संपला म्हणतो आणि त्याला बसवून चहा पाजतो."

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. सरांनी ते कधी पाहिलं, कुठून पाहिलं, काही कळेना.

सर कप घेऊन आले आणि वही उघडी पाहून ओशाळले. म्हणाले, "ज्याचं लिहून ठेवलं नसते, त्याच्यासाठी वाद लागते बे. काकूले मी नीट पाह्यलंच नव्हतं. मंग तोंडाले आलं ते बोललो."

मी विचारलं, तुमचं पान कुठंय? त्यांनी शेवटचं पान उघडून दाखवलं. वर नाव होतं, खाली कोरं.

"माह्यं मी कसं लिहू? लिहासाठी मानूस कोनीतरी पाह्यलेला लागते. मले कोनं पाह्यलं?"

हे बोलताना सर चहावरची साय बोटानं बाजूला करत होते. पारावरचा निरोप माझ्या तोंडाशी आला होता, तो मी गिळला. पायातल्या चपला आता दाराबाहेर नीट काढून ठेवल्या, खुर्ची पुढं ओढली आणि म्हटलं, "सर, तुमी लग्न काऊन नाही केलं?"

तीस वर्षांच्या शेजारात हे मी पहिल्यांदा विचारत होतो. सरांनी कप खाली ठेवला, कोरं पान माझ्यापुढं सरकवलं आणि खिशातला पेन काढला. तो मी हातात घेतला आणि टोपण काढलं.