जगदेवचा ट्रॅक्टर पोळ्यात खोकला

“बैल दुखलं-खुपलं तरी बोलत नाई. इंजन बोलते! फक्त आयकनारा कान पायजे!” रिठदच्या पारावर बसून जगदेव सांगायचा. आणि तसा कान अख्ख्या मुलखात एकच असून तो आपल्या डोक्याच्या उजव्या अंगाला बसवलेला आहे, हेही सांगायचा. सांगायला काय जातं!

त्या साली त्यानं बैलजोडी विकून वाशिमहून एक जुना ट्रॅक्टर आणला होता. गावातला पहिलाच. स्वराज्य नवंनवं होतं, माणसं काहीही करत होती!

आणि आला पोळा. तोरणाखालून पहिली जोडी जायची ती जगदेवच्या घरची. पणजोबापासूनचा मान! पण आता जोडी कुठाय? शेजारचा रामराव मिशीला तूप लावून तयारच होता.

“ज्याच्या घरी बैल नाई, त्याले मान कायचा?”

“माहा ट्रॅक्टर वीस बैलांचा हाय, रामराव!”

“मंग त्याले वीस येसनी घाल!”

शेवटी पंच दौलतसिंग मधे पडले. “ट्रॅक्टर कोनी न ढकलता तोरणाखालून गेला, त मान जगदेवचा. नाई गेला, त रामरावचा. बस!”

पोळ्याच्या दिवशी दुपारी मारुतीसमोर जोड्या उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या पुढे चाकांना गेरू फासलेला ट्रॅक्टर. जगदेवनं फेटा सावरला, हँडल मारलं. इंजिन सुरू झालं आणि खोकायला लागलं, ट्रॅक्टर काही जागचा हलेना. खोकणं तरी कसं? सात दमेकरी म्हातारे एका पोत्यात कोंबून हलवावेत तसं! काळा धूर असा सुटला, की मागची पांढरी जोडी काळी झाली आणि मालक आपलेच बैल हुडकत फिरला.

“घासलेटात पानी असंन,” जगदेव म्हणाला. टाकी रिकामी केली, घासलेट नव्या उपरण्यातून गाळून परत भरलं. खोकला तसाच! प्लग काढून घासला. खोकला तसाच! एक तार इकडची तिकडे लावली, तर खोकल्यात उचकीची भर पडली.

मग गावच डॉक्टर झालं.

“पोट फुगलं त्याचं. हिंगाचं पानी पाजा!”

“दृष्ट लागली. मीठ-मिरच्या ओवाळा!”

“खांद्यावर डाग द्या, डाग!”

“काबे जगदेव,” रामराव लांबून ओरडला, “काय म्हून राह्यलं इंजन?”

“म्हनते, रामरावले दूर उभं करा, त्याच्या तोंडाचा वास येते!”

जगदेव हसला खरा, पण डोळे तोरणाकडे लागले होते. पणजोबानं कमावलेला मान आपण घासलेटात बुडवणार! दौलतसिंगांनी आभाळाकडे पाहिलं.

“दिवस बुडून राह्यला, जगदेव. आता शेवटचं हँडल!”

जगदेवनं मारुतीला हात जोडले, हँडल मारलं, सीटवर उडी घेतली आणि वेगाचा दांडा पार शेवटपर्यंत ओढला. इंजिन थरथरलं, गुदमरलं आणि…

धडाम!!

नाकासमोरच्या उभ्या नळकांड्यातून काहीतरी पिवळं भिरभिरत उडालं आणि रामरावच्या डाव्या बैलाच्या थोबाडावर चप्पकन बसलं. तुपात थबथबलेली अख्खी पुरणपोळी!

“अवं माय! माही पोळी!” जगदेवची बायको कस्तुराबाई किंचाळली.

“तुही पोळी? तेथं?”

“मंग काय! पोळ्याच्या दिवशी बैलाच्या आंधी घरात कोनी जेवते का? समोरचं तोंड जाळीनं बंद. वरतं नळकांडं उघडं दिसलं, त देला निवद!”

“अवं, थे त्याचं नाक हाय! तेथून हवा घेते थे!”

“मंग मले आंधी सांगाचं! मले काय मालूम त्याचं तोंड कोठी अन् नाक कोठी!”

पण ऐकायला कोण होतं? धडाका आणि पोळी एकाच वेळी लागल्यावर कुठला बैल थांबेल? रामरावची जोडी चौखूर उधळली. कासऱ्याला लोंबकळलेल्या रामरावला घेऊन सगळ्यांच्या आधी तोरणाखालून गेली! फक्त रामरावचं धोतर तेवढं तोरणाच्या खांबाला अडकून राहिलं, तेही उभं फाटून. बाकीचा रामराव निवडुंगाच्या कुंपणामागं बसला.

“मान रामरावचा!” दौलतसिंगांनी निकाल दिला. “या, नारळ घ्या!”

“मी असा कसा येऊ?” कुंपण बोललं.

दौलतसिंग जगदेवकडे वळले. “बैल कोनाच्या इंजनानं भडकले?”

“माह्या.”

“मंग मानकऱ्याले धोतर कोन देईन? काढ!”

“माहं?”

“नाई त काय मारुतीचं?”

रामराव जगदेवच्या धोतरात मिरवत आला, नारळ घेतला, ढोल वाजले. आणि पोळी गेल्यामुळे इंजिन आता असं गोड चालत होतं, की लोक जवळ येऊन ऐकायला लागले. “वा! काय चालते!” जगदेव सदरा गुडघ्यापर्यंत ताणून सीटला चिकटला होता. गल्लीत दोन्ही बाजूंनी बायका आरत्या घेऊन उभ्या होत्या.

“अवं, उतरा ना आता!” कस्तुराबाई म्हणाली. “जेवाले घरी चाला!”

“तू हो समोर,” जगदेव दुसरीकडे बघत पुटपुटला. “अंधार पडू दे जराक, मंग येतो!”