निपाणीत नलिनी मरत नाही

भूपाल अण्णा लोकांच्या टीव्हीची पिन उपटतात. दररोज नाही. तो एकच जुना, काळा-पांढरा, प्रेमाचा पिक्चर लागला की. अण्णांच्या घरी टीव्ही नाही, त्यामुळं त्यांची बायको पद्माकाकू गल्लीत कुणाकडं तरी बघायला जाऊन बसतात. मागोमाग अण्णा येतात. चप्पल बाहेर काढतात, जेवणाचं ताट वाटेत असलं तर वळसा घालतात आणि पिक्चर संपायला दहा मिनिटं असताना पिन काढून हातात धरतात.

"बत्ती लागली, चला घराकडं!"

लोक आपापल्या घरातच बसलेत, हे त्यांच्या गावीही नसतं.

अण्णा आमच्या टॉकीजात ऑपरेटर होते, म्हणजे वरच्या खोलीतनं पडद्यावर पिक्चर टाकणारे. टॉकीज गेलं, तिथं मंगल कार्यालय झालं, पण शो संपल्यावर ओरडायचं वाक्य अण्णांच्या तोंडात राहिलं. भांडण सोडवायला तेच, हळदीकुंकू लांबलं तरी तेच. एका मयतीला माणसं स्मशानातून हलेनात, तेव्हाही अण्णा तेच म्हणाले. आणि माणसं निघाली.

आमचं घर त्या टॉकीजच्या मागच्या भिंतीला टेकलेलं. वडील अंथरुणाला खिळलेले. आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि आम्हा भावंडांना झोपेतसुद्धा ठसका. चैन एकच. वर्षा-दीड वर्षानं तो पिक्चर परत यायचा आणि आई विडीवाल्या बायकांबरोबर बघायला जायची. त्यातली नलिनी बापाचा विरोध मोडून शहरात शिकायला जाते, प्रेमात पडते, घरचे दार लावून घेतात. शेवटी तो धावत नदीच्या घाटावर येतो, नावेतली नलिनी वळून बघते, हसते, आणि टॉकीजात दिवे लागायचे. बायका पदरानं डोळे पुसत, हसत बाहेर यायच्या.

आमच्या गल्लीत चार नलिन्या आहेत. पहिली मी.

माझी दहावी झाली तेव्हा मामा म्हणाला, "आक्का, पोरीला शिकवून काय करतीस? विड्या वळाय बसीव."

आईनं सुपातनं मान वर केली नाही. "नलिनी शिकली न्हवं? झालं न्हवं तिचं चांगलं? मग हिचंबी हुतंय."

एवढ्या भरवशावर मी बेळगावला कॉलेजात गेले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी माझ्याआधी कुणी चढलं नव्हतं, हे मी अजून कुणी न विचारता सांगते.

होस्टेलात एका रविवारी टीव्हीवर तो पिक्चर लागला. नलिनी हसली, तशी मी उठून चप्पल शोधायला लागले. मुली म्हणाल्या, "बस की गं, शेवट राहिलाय." आणि माझ्या डोळ्यांदेखत नाव उलटली. नलिनी बुडाली. तो घाटावर तिची शाल छातीशी धरून बसला. मी म्हणाले, हे खोटं आहे. मुली आठवडाभर हसत होत्या.

सुट्टीत तडक अण्णांच्या दारात.

"अण्णा, ती मरतीय!"

"कोण म्हणतंय?"

"मी डोळ्यांनी बघितलंय."

"कुठं?"

"बेळगावात."

"मग बेळगावात मरत असंल. निपाणीत न्हाय मरत."

आईला मी हे सांगितलंच नाही.

एम.ए. करून आज मी बेळगावात एका कॉलेजात मराठी शिकवते. यंदा आमच्या विभागाच्या सरांनी जुने पिक्चर गावोगाव दाखवायचं काढलं. निपाणीत नेमका तोच, त्याच मंगल कार्यालयात, रविवारी दुपारी. पत्रिकेवर छापलं, 'मूळ शेवटासह'. सर म्हणाले, "मॅडम, ही कलाकृती इतकी वर्षं टिकली ती त्या शोकान्तामुळे."

"सर, आमच्याकडं ती त्याच्याशिवायच टिकलीय," मी म्हणाले. त्यांना तो विनोद वाटला.

रविवारी सकाळी अण्णा आमच्या घरी आले. "नलू, कार्यालयात पिन कुठल्या भिंतीला हाय?"

"अण्णा, आता साकु! पुरे की. लोकांना फोनवर सगळं दिसतंय."

अण्णा खाली बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"हितं पैल्यांदा ह्यो पिक्चर आला, तवा आमची पोरगी जाऊन आठ म्हैनं झालतं. अडीच वर्साची. हिरीत पडली. पद्मा बोलायचीच न्हाय गं. मी वढून आणली तिला, बायकांच्यात बसीवली. आन् म्होरं पाणी हाय, नाव उलटतीय, ह्ये मला ठाव हुतं. वरनं भोकातनं बघतोय, तर पडद्यावर नलिनी हसली, आन् खाली पद्मा हसली. आठ म्हैन्यांनी. आता तुझ्या एमेला इचार, मी काय करायला पायजे हुतं?"

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं सरकवला.

"बत्ती लावली," अण्णा म्हणाले. "मग परत्येक खेपंला ती यायची. परत्येक खेपंला लावली."

दुपारी कार्यालय भरलं. विडीवाल्या बायका, आता सगळ्या म्हाताऱ्या, पुढं. मधे आई, तिच्या शेजारी इरकल नेसून पद्माकाकू. अण्णा भिंतीकडेच्या खुर्चीवर, प्रोजेक्टरच्या पिनेवर नजर. घाट आला. तो धावत आला. अण्णा उठायला गेले, पण गुडघा उठला नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. सरांनीही बघितलं.

नावेतली नलिनी वळली. हसली. मी पद्माकाकूंकडं बघितलं.

मग मी पिन उपटली आणि दिवे लावले.

"अहो मॅडम, शेवट राहिला!" सर ओरडले.

"सर," मी म्हणाले, "बत्ती लागली, चला घराकडं."

बायका पदरानं डोळे पुसत, हसत उठल्या. अण्णा भिंत धरून हळूहळू काकूंपर्यंत गेले आणि त्यांच्या हातातली पिशवी स्वतःकडं घेतली. आई दारात मला म्हणाली, "बघ, मी म्हटलं न्हवतं?"

शोकान्त मी वर्गात शिकवते, चांगला शिकवते. पण निपाणीची नलिनी शिकली, एम.ए. झाली, आणि जिवंत आहे.