हापशावरचे भुजंगप्रयात

लातूर जिल्हा झाल्यानंतरचा पहिलाच हिवाळा आला, तोही थंडी वाटेत विसरून. पाऊस हुकला होता, गारठा नव्हता. जिल्ह्याचे कविसंमेलन मात्र होते. तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेल्या शेषेराव मास्तरांनी त्यासाठी ‘सरता हिवाळा’ ही कविता भुजंगप्रयातात बांधली होती. वृत्त हे यंत्र आहे, त्यात एकही अक्षर ढिले चालत नाही, असे त्यांचे ठाम मत. अडला होता तो फक्त ‘कहाणी’शी यमक जुळवणारा शेवटचा चरण.

संमेलनाच्या सकाळी गल्लीतला हापसा कुरकुरला आणि मास्तरांचे कान टवकारले. एक आखूड, दोन लांब! हेच ते वृत्त! ते तडक जाऊन हापसू लागले.

“अगं बया, मास्तर पाणी हापसायलेत!” शेजारच्या नागुबाईने हाळी दिली. घागरींची रांग लागली. मास्तर दमले, की दांडा नागुबाईच्या हाती देत.

“नागुबाई, तुमचा हात वृत्तात नाही. आधी आखूड, मग दोन लांब!”

“पाणी येतंय न्हवं? मग कसं बी हापसू की!”

“कसंबी चालणार नाही.”

“अहो, ‘कहाणी’ला ‘पाणी’ जुळवा की,” तारामतीबाई दारातून नवऱ्याला म्हणाल्या. “समोरच हाय.”

“ते शाळकरी यमक आहे!”

चरण सुचेना, हापसा थांबेना. दुपारी तोटीतून नुसती हवा आली. दुसऱ्यांच्या घागरी भरून देणाऱ्या नागुबाईची स्वतःची घागर कोरडीच राहिली.

“मास्तर, तुमच्या कवितेनं बोअर पिली!”

संध्याकाळी मंडपात पुढे नवे कलेक्टर बसले होते आणि मागे रिकाम्या घागरी घेऊन अख्खी गल्ली. मास्तरांचा आवाज खणखणीत लागला. उजवा हात आपसूक वरखाली होत होता.

“कुठे लोपली ती हिवाळी कहाणी...”

इथे यंत्र बंद पडले. हात तेवढा चालूच राहिला. तो हात पाहून नागुबाईचा संयम सुटला.

“कधी यायचं हो पुन्हा आज पाणी?”

मास्तरांनी बोटांवर लघु-गुरू लावून पाहिले. एकही अक्षर ढिले नव्हते! सकाळची तालीम वाया गेली नव्हती. त्यांनी तोच चरण, तो जणू योजूनच ठेवला होता अशा थाटात, पुन्हा म्हटला. गल्लीने घागरींवर ठेका धरला, आखूड, लांब, लांब. टाळ्यांत कलेक्टरांच्याही टाळ्या होत्या.

दुसऱ्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी सरकारी टँकर उभा होता. मास्तर संमेलनात मिळालेली शाल पांघरून, त्या उकाड्यातही, ऐटीत बाहेर आले.

“मास्तर,” घागर भरता भरता नागुबाई म्हणाली, “आता एक लायटीवर लिवा. शेवटची ओळ म्या देते.”